मोकळीक मुलांची, राखण कोणाची?

पत्राचा सारांश : पुण्यात वाकडला राहणाऱ्या एका वाचक भगिनीचे हे पत्र आहे. घरात पती-पत्नी, सात वर्षांची मुलगी आणि तीन वर्षांचा मुलगा. सासूबाई जवळच वेगळ्या राहतात. पती सॉफ्टवेअर कंपनीत असून महिन्यातून दोनदा कार्यालयात गेले तरी त्यांचे भागते. वाचक भगिनी फिजिओथेरपिस्ट असून एका दवाखान्यात अर्धवेळ काम करतात. गेल्या डिसेंबरात हे कुटुंब मालवणजवळ तारकर्लीला नऊ दिवस राहिले. त्या दिवसांत मुलांनी मोबाइल मागितला नाही आणि मुलीला रात्री लागणारी धाप थांबली. आता देवबागला समुद्रापासून दोनशे पावलांवर एक घर भाड्याने मिळत आहे आणि घरमालकांना एप्रिलच्या मध्यापर्यंत होकार हवा आहे. पतींचा आग्रह जूनमध्ये शाळा सुरू होतानाच तिकडे जाण्याचा आहे. “लहान मुलांसाठी समुद्रकाठचे गाव चांगले की नाही, एवढेच सांगा,” असे त्या लिहितात.

उत्तर :

तुमचे पत्र मी दोनदा वाचले. पहिल्या वाचनात मलाही तारकर्लीची वाळू दिसली आणि ‘अवश्य जा’ असे लिहावेसे वाटले, कारण माझे स्वतःचे लहानपण वेंगुर्ल्याच्या बाजूला गेले आहे आणि त्या किनाऱ्याबद्दल मी निःपक्षपाती असू शकत नाही. दुसऱ्या वाचनात मात्र पत्राच्या शेवटाकडे आलेल्या एका वाक्यापाशी मी थांबले. “सासूबाई पुण्यातच राहतील, त्यामुळे दुपारी मुलांना सांभाळण्याचा प्रश्न येईल, पण तिकडे मुले बाहेरच खेळतील,” असे तुम्ही लिहिले आहे. तुमच्या सगळ्या विचाराची मदार या ‘पण’वर आहे, म्हणून मी तिथूनच सुरुवात करते.

मुले बाहेर खेळतील हे खरे. पण तुमच्या सोसायटीच्या बागेला भिंत आहे, फाटकावर पहारेकरी आहे आणि बाकावर बसलेल्या चार आज्या कोणाचेही मूल फाटकाबाहेर निघाले तर हाक मारतात. देवबाग म्हणजे एका बाजूला अरबी समुद्र आणि दुसऱ्या बाजूला कर्लीची खाडी यांच्यामध्ये उरलेली जमिनीची चिंचोळी पट्टी आहे. तिथल्या अंगणाला बहुधा कुंपण असेल, पण ते गुरांसाठी असते. तीन वर्षांच्या मुलाला अडवण्यासाठी नसते. वाडीत विहीर असणारच. एवढ्या लहान मुलाला बुडण्यासाठी समुद्र लागत नाही, अर्धी भरलेली बादलीही पुरते, आणि बुडणारे मूल बहुतेक वेळा आवाजही करत नाही. म्हणजे मोकळीक मुलांना मिळेल, पण तिची राखण पुढची तीन-चार वर्षे जागेपणीच्या प्रत्येक तासाला कोणीतरी करावी लागेल, आणि पती दाराआड बैठकीत असताना ते ‘कोणीतरी’ कोण असेल हे तुम्ही पत्रात कुठेही लिहिलेले नाही. ते तुम्हीच असाल असे तुम्हा दोघांनीही न बोलता धरून चालले आहे, असे मला वाटते. तुमच्या कामाचे काय होणार याविषयीही पत्रात “बघू पुढे” एवढे दोनच शब्द आहेत.

हे लिहिताना तुमच्या पतींवर दोष ठेवण्याचा माझा हेतू नाही. त्यांना नोकरी आहे तशीच घेऊन जाता येते, म्हणून त्यांच्या दृष्टीने हे केवळ घर बदलणे आहे. तुमच्या दृष्टीने ते नोकरी, सासूबाईंची मदत आणि ओळखीचा दवाखाना असे तिन्ही एकदम सोडणे आहे. दोघांच्या तराजूत सारखेच वजन पडले आहे असे समजून निर्णय घेतला, तर दुसऱ्या वर्षी त्याची भांडणे होतात. मालवणात हाडामांसाच्या दुखण्यांना रुग्ण कमी नाहीत. होड्या ओढणारी, जाळी उपसणारी माणसे आहेत, कंबरदुखीला तोटा नाही. पण स्वतंत्र काम उभे राहायला वर्ष-दीड वर्ष लागेल, आणि त्यासाठी तुम्हाला रोज घराबाहेर पडता आले पाहिजे. शहरातल्यासारखी पाळणाघरे तिथे हाताशी नसतात. अंगणवाडी किंवा बालवाडी दिवसाचे काही तासच असते. शेजारच्या काकू मुलाला हौसेने घेतील, तेवढा जिव्हाळा त्या गावांत अजून आहे. पण काकूंनाही त्यांचे घर, वाडी, आणि पर्यटकांचा हंगाम असतो.

दुसरी गोष्ट तुमच्या प्रश्नातच लपलेली आहे. तुम्ही विचारता ‘समुद्रकाठच्या गावा’बद्दल, आणि बोलता समुद्रकाठच्या घराबद्दल. मालवण हे शहर आहे : तिथे बाजारपेठ आहे, शाळा आहेत, ग्रामीण रुग्णालय आहे, बालरोगतज्ज्ञ मिळू शकतात, एस.टी. स्थानक आहे. देवबाग तिथून दहा-बारा किलोमीटरवर आहे आणि जायला-यायला मुख्यतः एकच रस्ता आहे. शाळा, औषधे, दुरुस्तीवाला, मुलीच्या मैत्रिणीचा वाढदिवस, या प्रत्येकासाठी तुम्ही त्या रस्त्यावर असाल, आणि मेमध्ये व डिसेंबरात त्याच रस्त्यावर पर्यटकांच्या गाड्यांची रांग असेल. किनाऱ्यावरच्या घरांना तिथे न्याहरी-निवासामुळे चांगला भाव असतो. म्हणून आज जूनपासून घर द्यायला उत्सुक असलेले मालक दिवाळीच्या सुटीत किंवा मेमध्ये ‘पंधरा दिवस माडीवरच्या खोल्या मोकळ्या कराल का’ असे विचारणार नाहीत ना, हे करारात लिहून घ्यावे लागेल. माझे मत विचाराल तर मालवण शहरातच, शाळेला चालत जाता येईल अशा आळीत घर पाहा. चिवला किनारा किंवा रॉक गार्डन संध्याकाळी फिरायला जाण्याइतके जवळ राहतेच. समुद्र रोज दारात असण्यापेक्षा आठवड्यातून तीन-चारदा ठरवून भेटणे लहान मुलांसाठी बरे. आमच्या घरातही तसेच होते. दिवेलागणीनंतर किनाऱ्यावर जायचे नाही आणि मोठे माणूस सोबत नसताना पाण्याला पाय लावायचा नाही, हे दोन नियम आजीने कधी समजावून सांगितले नाहीत, पण मोडण्याची आमची हिंमतही झाली नाही. किनाऱ्यावरची माणसे समुद्राला भिऊन असतात. बेधडक आत शिरणारे बहुधा पाहुणेच असतात.

आता डिसेंबरविषयी. तुम्ही पाहिलेला समुद्र खोटा नव्हता, पण तो वर्षातले काही महिनेच तसा असतो. मेच्या अखेरीला पाण्यातले खेळ आणि किल्ल्यावर जाणाऱ्या होड्या बंद होतात, यांत्रिक मासेमारीवर १ जून ते ३१ जुलै बंदी असते, आणि श्रावण सरेपर्यंत किनारा हे मुलांना न्यायचे ठिकाण राहत नाही. पुण्यात वर्षभरात जेमतेम सात-साडेसातशे मिलिमीटर पाऊस पडतो. सिंधुदुर्ग जिल्ह्यात तो तीन हजारांच्या आसपास जातो आणि बहुतेक सगळा चार महिन्यांत. त्या काळात तीन वर्षांचे मूल घरातच असते, कपडे तीन-तीन दिवस वाळत नाहीत, भिंतींना ओल येते, चपला, पुस्तके आणि गाद्या यांवर बुरशी धरते, आणि वीज तर केव्हा जाईल ते सांगता येत नाही. मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळ या किनाऱ्याजवळून गेले तेव्हा मालवण तालुक्यात घरांची कौले आणि माडांबरोबर विजेचे खांबही पडले, आणि अनेक वाड्या कित्येक दिवस अंधारात होत्या. अशी वादळे दर वर्षी येत नाहीत. पण देवबागला समुद्राचे उधाण वस्तीपर्यंत येण्याची तक्रार जुनी आहे, किनारा खचतो म्हणून तिथे दगडी बंधारे घातले गेले, आणि ज्या घराचा ‘समुद्रापासून दोनशे पावले’ हा डिसेंबरातला गुण असतो, त्याच घराची ती जुलैतली काळजी असते.

तुमच्या मुलीच्या धापेबद्दल मी जरा सविस्तर लिहिते, कारण तुमच्या निर्णयाचा अर्धा भार तिच्यावर आहे. नऊ दिवसांत तिला त्रास झाला नाही याचे कारण समुद्राची हवा असू शकते. तसेच बांधकामाची धूळ आणि वाहनांचा धूर नव्हता, शाळेतली सर्दी-खोकल्याची देवाणघेवाण थांबली होती, आणि घरातले सगळे सुटीवर असल्याने ती वेळेवर झोपत होती, हीही कारणे असू शकतात. ज्या मुलांची धाप धुराने वाढते त्यांना किनारा मानवतो. ज्यांची बुरशीने किंवा गादीतल्या सूक्ष्म किड्यांनी वाढते त्यांना दमट हवेत उलट अधिक त्रास होऊ शकतो, आणि कोकणातला पावसाळा म्हणजे बुरशीचा हंगामच. ‘हवापालट झाली की बरे वाटेल’ हे नातेवाइकांचे निदान आहे. तिला कशाचे वावडे आहे हे तिच्या पुण्याच्या डॉक्टरांकडून आधी नीट समजून घ्या, तिच्या औषधांचा आणि त्रास वाढल्यास काय करायचे याचा लेखी कागद करून घ्या, आणि फवारा किंवा वाफेचे यंत्र विजेवर चालणारे असेल तर नव्या घरात इन्व्हर्टर पंख्याआधी त्या यंत्रासाठी लावा. मालवणात रात्री दोन वाजता दार उघडणारा डॉक्टर कोण, हे घर ठरवण्यापूर्वी विचारायचे. त्याहून अधिक लागले तर सिंधुदुर्गनगरीला जिल्हा रुग्णालय आणि आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, ते मालवणपासून तीस-पस्तीस किलोमीटर. आणि फारच गंभीर असेल तर जिल्ह्यातली माणसे पिढ्यानपिढ्या गोव्यात बांबोळीच्या सरकारी रुग्णालयाकडे धावत आली आहेत, ते अंतर शंभर किलोमीटरच्या वर. कोल्हापूर घाट चढून आहे, आणि पावसाळ्यात घाटात दरड केव्हा येईल याचा भरवसा नसतो.

साप-विंचवांचा उल्लेख तुम्ही केलेला नाही, पण तुमच्या सासूबाईंनी केला असेल याची मला खात्री आहे. त्यांची भीती अनाठायी नाही आणि अवाजवीही करायला नको. फुरसे, घोणस आणि मण्यार हे तिन्ही विषारी साप कोकणात आढळतात. लाल विंचू तर इतका की त्याच्या विषावरचा प्राझोसिन या औषधाचा उपचार महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी इथल्याच रुग्णांवर काम करून जगापुढे ठेवला आणि पूर्वी दगावणारी अनेक मुले त्यामुळे वाचली. घरासाठी सांगायचे ते थोडकेच आहे : अंधारात विजेरीशिवाय अंगणात पाऊल टाकायचे नाही, चपला झटकून घालायच्या, चिऱ्यांचे आणि लाकडांचे ढीग घराला लागून ठेवायचे नाहीत, पावसाळ्यात जमिनीवर झोपायचे नाही, आणि दंश झालाच तर आवळून बांधणे, कापणे, मांत्रिक हे काही न करता मुलाला शांत ठेवून सरळ रुग्णालय गाठायचे. तिथे प्रतिविष आहे का, हे पावसाळ्याच्या सुरुवातीलाच विचारून ठेवा. असे विचारले म्हणून तिथे कोणी तुम्हाला भित्रे समजणार नाही.

पाण्याविषयी दोन गोष्टी मात्र तुम्ही दोघांनी मुलांच्या आधी शिका. पहिली, भरती-ओहोटीचे गणित. जुनी माणसे तिथीला पाऊणने गुणतात आणि पूर्ण भरतीची ढोबळ वेळ काढतात : अष्टमीला आठ पाऊण सहा, म्हणून सहाच्या सुमारास, पौर्णिमा-अमावास्येला पंधरा पाऊण सव्वाअकरा. प्रतिपदेपासून पुन्हा नव्याने मोजायचे. घड्याळ थोडे पुढेमागे होते, पण ज्या घरात हे गणित तोंडपाठ असते तिथे मुलांना किनाऱ्यावर केव्हा न्यायचे याचा वाद होत नाही. दुसरी गोष्ट ओढीची. लाटा फुटत असताना मध्येच एका पट्ट्यात पाणी शांत दिसते आणि पाहुण्यांना तीच पोहायची जागा वाटते. खरे तर तिथून पाणी समुद्राकडे परत जात असते. त्या ओढीत सापडल्यास किनाऱ्याकडे झगडत न येता आडवे, किनाऱ्याला समांतर पोहून बाहेर पडायचे असते. कर्ली नदी जिथे समुद्राला मिळते त्या देवबागच्या संगमावर मुलांना होडीतून न्या, जीवरक्षक जाकीट घालून. पाण्यात उतरवू नका. तीन वर्षांच्या मुलासाठी नियम एकच : पाणी त्याच्या गुडघ्यापर्यंत, आणि मोठ्या माणसाचा हात त्याच्या हाताला लागेल एवढ्या अंतरावर.

शाळेबद्दलची तुमची चिंता मला त्या मानाने कमी वाटते. दहावीच्या निकालात कोकण विभागीय मंडळ वर्षानुवर्षे राज्यात पहिले येते, यावरून तिथे मुले शिकत नाहीत असा समज तरी दूर व्हावा. दुसरीतल्या मुलीला वर्गात वीस-पंचवीस सोबती आणि नावाने ओळखणारे शिक्षक मिळणे ही उणीव नव्हे. ती तीन महिन्यांत मालवणी बोलू लागेल आणि तुम्हाला ‘गो आई’ म्हणून हाक मारील, त्याची तयारी ठेवा. बारावीनंतर बहुतेक मुले मुंबई, पुणे, कोल्हापूर किंवा गोव्याला जातात हे खरे आहे, पण तुमच्या घरात तो प्रश्न दहा वर्षांनी येणार आहे. माझी सूचना एवढीच की, पुण्याच्या शाळेतून दाखला घाईने काढू नका आणि दोन वर्षांनी परतावे लागले तर माध्यम व मंडळ बदलल्याने काय होईल याची चौकशी आजच करा.

या गावांचे जे खरे सुख आहे, ते तुमच्या पत्रात आलेलेच नाही, आणि मला ते मोबाइल न मागण्यापेक्षा मोठे वाटते. मालवणला नारळीपौर्णिमेला समुद्राला नारळ अर्पण होतो तेव्हा सगळे शहर बंदरावर लोटते आणि बायका हिरिरीने नारळ लढवतात. थंडीत जत्रांमधून दशावतार रात्रभर चालतो. रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचे मोठे जाळे, ओढायला माणसे लागतात तेव्हा दोरीला हात लावणाऱ्या पोराला कोणी ‘तू कोणाचा’ असे हटकत नाही, उलट जाताना हातात दोन बांगडे पडतात. मुलांना समुद्र नऊ दिवसांत मिळतो. ही ओळख मिळायला दोन-तीन वर्षे लागतात, आणि तीही तुम्ही गावात राहिलात तर. किनाऱ्यावरच्या सुट्या घरात राहून पर्यटकांच्या ओघातच वर्षे घालवली तर तुम्ही तिथले कायमचे पाहुणे व्हाल. शहरात घर पाहा म्हणण्यामागे माझे हेही एक कारण आहे.

अशाच विचारात असलेल्या इतर वाचकांसाठी थोडे विषयांतर करते. ‘समुद्रकाठचे गाव’ अशी एकच जात नसते. अलिबागला मांडव्याच्या बोटीने मुंबई जोडलेली आहे, म्हणून तिथे शहराचे फायदे आणि शहराचे भाव दोन्ही आहेत. रत्नागिरी जिल्ह्याचे ठिकाण असल्याने डॉक्टर आणि शाळा यांची निवड मोठी आहे. दापोली तर समुद्रापासून काही किलोमीटर आत, उंचावर आहे. १९७२ पासून तिथे कृषी विद्यापीठ असल्याने बाहेरून बदलीवर येणाऱ्या कुटुंबांची गावाला सवय आहे, आणि लहान मुलांच्या आईवडिलांना मी बहुधा हेच नाव प्रथम सुचवीन. गुहागरचा किनारा सुंदर आहे, पण मोठ्या दुखण्याला चिपळूण गाठावे लागते. नकाशावर किनारा शोधण्यापूर्वी बालरोगतज्ज्ञ, शाळा आणि स्वतःचे काम हे तीन बिंदू शोधावेत. समुद्र त्यानंतर सापडतोच.

आणि जमीन घेऊ नका. तुम्ही विचारलेले नाही, पण भाड्याचे घर घेतलेल्या प्रत्येकाला सहा महिन्यांत कोणीतरी ‘स्वस्तात वाडी आहे’ असे सांगतो. कोकणातल्या सातबाऱ्यावर बारा-पंधरा सामायिक नावे असणे नेहमीचे, त्यातली निम्मी माणसे मुंबईत. शिवाय शेतजमीन घ्यायला महाराष्ट्रात आधी शेतकरी असावे लागते आणि किनाऱ्यालगतच्या बांधकामाला किनारा नियमन क्षेत्राचे निर्बंध आहेत. दोन पावसाळे काढल्याशिवाय हा विषय घरात काढूच नये.

मग तुम्ही काय करावे? घरमालकांना एप्रिलच्या मध्यापर्यंत होकार देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. त्या घराला भाडेकरू मिळाला तर मिळू दे. मेमध्ये चार दिवस जाऊन मालवण शहरातली भाड्याची घरे पाहा. विहिरीचे पाणी तेव्हा किती उरते आणि मचूळ लागते का, हे मेमध्येच कळते. मग जुलैत मुलीची शाळा बुडाली तरी चालेल, पण दोन आठवडे तिथे राहा, हॉटेलात नव्हे तर स्वयंपाकघर असलेल्या घरात, आणि सुटीसारखे नव्हे. पतींनी रोजचे काम करावे, म्हणजे वीज आणि इंटरनेट यांचा खरा हिशेब कळेल; तुम्ही दोन-तीन डॉक्टरांना भेटून आपल्या कामाची चाचपणी करावी, आणि त्या वेळेत मुलाला कोणी सांभाळले याची रोज वहीत नोंद ठेवावी. त्या चौदा दिवसांत ते नाव एकच निघाले, तर पुढे काय होणार ते दोघांनाही वाचता येईल. पतींच्या कंपनीकडून दूरवरून काम करण्याची परवानगी लेखी आणि मुदतीसह मागा. पुणे-मालवण हा आठ-नऊ तासांचा प्रवास आहे, ‘महिन्यातून दोनदा’चे ‘आठवड्यातून दोनदा’ झाले तर हे घर चालणार नाही. सगळे जुळले तर दिवाळीनंतर अकरा महिन्यांच्या करारावर जा, पुण्याचे घर विकू नका, आणि सासूबाईंना थंडीचे दोन महिने तिकडे येण्याचे आमंत्रण आत्ताच द्या.

देवबागच्या त्या घरावर मन बसले आहे, हे मला पत्रातून कळते आहे. म्हणून जुलैतल्या मुक्कामात एक दिवस अमावास्येचा धरा. सकाळी अकराच्या सुमारास मुलांना मालवणात पतींजवळ ठेवून तुम्ही एकट्या त्या घरी जा, ओसरीवर उभ्या राहा आणि पाणी कुठवर येते ते पाहा. मालकांशी बोलायचे ते त्यानंतर बोला.